प्रश्न एकदाच

नॉर्डालच्या चर्चच्या तळघरात मारेन टोलेफसनला कुणी कॉफी विचारली, की ती आधी "नको" म्हणायची. पुन्हा विचारली, की "कशाला उगाच" म्हणायची. तिसऱ्यांदा विचारली की कप पुढे करायची. यात भाव खाण्याचा प्रश्न नव्हता. मिनेसोटाच्या त्या टोकाला जन्मलेलं कुणीही असंच करतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा तिथे हावरट ठरतो. आणि एकदाच विचारून गप्प बसणाऱ्याच्या मनात द्यायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

हे सगळं मारेनच्या अंगात मुरलेलं होतं. तरीही त्या वर्षी तिने त्याच तळघरात, त्याच माणसांना, प्रत्येक प्रश्न एकदाच विचारला. शिकलेल्या मुलींची अक्कल कुठे गहाण पडेल ते सांगता येत नाही. मारेनची डॉ. विनफिल्डांकडे पडली होती.

डॉक्टरकीची तीन वर्षं संपवून, चौथ्याच्या आधी, तिने एक वर्ष संशोधनाला दिलं होतं. अशी फेलोशिप मिळणं म्हणजे सोपं काम नव्हे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात विनफिल्डांसारख्या माणसाच्या हाताखाली वर्षभर एका औषधाची चाचणी सांभाळायची आणि शेवटी मे महिन्यात भरलेल्या सभागृहात उभं राहून निष्कर्ष मांडायचे. ते नीट पार पडलं की मेंदूविकारांच्या शाखेत जागा पक्की. नाही पार पडलं, तर वर्ष गेलं, जागा गेली, आणि विनफिल्डांची शिफारसही गेली. मारेनला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. तिचे वडील दुधाचा टँकर चालवायचे आणि शेवटची काही वर्षं कंपवाताने त्यांना कप धरता येत नव्हता. त्यांच्या त्या हातांकडे बघत ती मोठी झाली होती.

औषध मधुमेहाचं होतं, म्हणजे मधुमेहाने पायांची जी आग होते तिच्यावरची गोळी. निम्म्या लोकांना खरी, निम्म्यांना खोटी. कुणाला कुठली, ते गोळी देणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

"माणसं मिळतात गं," विनफिल्ड पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "टिकत नाहीत. थंडी पडली की यायचे बंद. निम्मी माणसं गळाली की अभ्यास मातीत."

"आमच्या गावची टिकतील," मारेन पटकन बोलून गेली. "आमच्याकडे घेतलेलं काम कुणी अर्धवट सोडत नाही. मीच जाईन महिन्यातून एकदा. चर्चचं तळघर मोकळंच असतं."

विनफिल्ड खूश झाले. ते वाईट गृहस्थ होते असं कुणी समजू नये. कामाला चोख, बोलायला गोड, आणि नियमाला पक्के. त्यांचा पहिला नियम हाच: प्रश्न एकदाच विचारायचा, छापलेल्या शब्दांत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. "तू दोनदा विचारलंस की माणूस विचारात पडतो, हिला काहीतरी हवंय. मग तो तुला हवं ते देतो. आजारी माणूस फार भिडस्त असतो." नियम खोटा नव्हता. शहरातल्या माणसांसाठी तर अगदी बरोबर होता.

सप्टेंबरात मारेनने रविवारच्या प्रार्थनेनंतर उभं राहून सगळ्यांना चाचणी समजावून सांगितली. धोके सांगितले, कधीही सोडायची मुभा सांगितली. सगळं छापल्याप्रमाणे. मग समोर ओळखीचे चेहरे बघून छापलेलं नसलेलं एक वाक्य ती बोलली. "तुम्ही वर्षभर टिकलात ना, तर माझ्या आयुष्याचं सोनं होईल."

लोकांनी धोक्यांचं काही लक्षात ठेवलं नाही. हे मात्र ठेवलं.

पहिलं नाव दिलं ऑर्व्हल स्टेन्सरुडने. वयाने सत्तरीच्या घरातला, तिच्या वडिलांचा जिवलग दोस्त. गायी विकल्यापासून तो शाळेची बस चालवायचा. मारेनला ट्रॅक्टर त्यानेच शिकवला होता, आणि तिने कुंपण तोडल्यावर दोष स्वतःवर घेतला होता. त्याच्या मागोमाग लायल ओडेगार्डने नाव दिलं, मग लायलच्या बहिणीने, व्हर्नाने, मग गावातल्या मधुमेहवाल्यांची रांगच लागली.

नोव्हेंबरात सगळं झकास चाललं होतं. तळघरात लांब टेबलं, मोठ्या किटलीत कॉफी, आणि ऑर्व्हलच्या बायकोने, लव्हॉनने केलेल्या लिंबाच्या वड्या. मधुमेहवाल्यांच्या मेळाव्यात साखरेच्या वड्या कशाला, असं विचारायची कुणाची टाप नव्हती.

"घे गं एक," लव्हॉन म्हणाली.

"नको, आत्ताच खाल्लंय."

"छोटीशी घे."

"अहो, खरंच नको."

"मारेन, तू एवढी वाळलीस की वाऱ्याने उडशील. घे."

मारेनने घेतली. तोंड पुसून ती ऑर्व्हलसमोर बसली, रक्त काढलं आणि प्रश्न विचारायला लागली. पोटाचे, झोपेचे, तोल जाण्याचे. एक डोळ्यांचाही होता. या औषधाच्या दूरच्या भावकीतल्या एका गोळीने पूर्वी लोकांची कडेची नजर हळूहळू खाल्ली होती, आणि गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तो प्रश्न घातलेला. डोळ्यांची यंत्रावरची तपासणी सुरुवातीला झाली होती. पुढची वर्ष संपल्यावर व्हायची होती. मधल्या काळात फक्त हा प्रश्न.

"दिसण्यात काही फरक जाणवला का?"

"छे गं. तक्रार करायला जागा नाही."

मारेनने नाही अशी नोंद केली आणि पुढे गेली. ऑर्व्हल कॉफीचा कप घ्यायला वळला आणि त्याच्या बाहीने शेजारची दुधाची बुधली आडवी केली. लायल खदखदून हसला. "गायी विकल्या, पण दूध सांडायची सवय गेली नाही बघ!" सगळे हसले. ऑर्व्हलही हसला. लव्हॉन तेवढी हसली नाही. तिने मुकाट्याने टेबल पुसलं.

जानेवारीत मारेन आली तेव्हा बर्फाच्या भिंती रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या होत्या. वाटेत तिला दिसलं की रस्त्याच्या कडेला खांबांवर बसवलेल्या लोकांच्या टपालपेट्या कलल्या आहेत. एक नाही, बऱ्याच. कुणाचा खांब मोडलाय, कुणाची पेटी बर्फात पालथी पडलीय. तळघरात याच विषयावर जोरात चर्चा चालली होती आणि बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा सगळे मिळून उद्धार करत होते.

"आंधळाय लेकाचा," व्हर्ना म्हणाली. तिच्या कपाळाच्या कडेला हिरवंपिवळं टेंगूळ होतं.

"हे काय झालं?" मारेनने विचारलं.

"कपाटाचं दार. उघडं राहिलं होतं."

ऑर्व्हल जिन्याने खाली आला तो खांद्याने चौकटीला धडकून. "चौकट सुजली थंडीने," तो म्हणाला. मग लायल आला आणि टेबलाच्या कडेला बसलेल्या पाळकबाईंच्या चक्क मांडीवर बसता बसता राहिला. तळघर हसून हसून लोळलं. "अरे, आधी लग्नाचं तरी विचार!" कुणीतरी ओरडलं. मारेनही हसली, पण हसता हसता तिची नजर व्हर्नाच्या टेंगळाकडे गेली.

तिने सगळ्यांना डोळ्यांचा प्रश्न विचारला. छापलेल्या शब्दांत. एकदा. सगळे नाही म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की प्रश्न संपायच्या आत.

दुसऱ्या दिवशी ती विनफिल्डांच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, नॉर्डालची माणसं धडपडतायत. डोळ्यांची तपासणी आत्ताच केली तर?"

विनफिल्डांनी चष्मा काढला. "प्रश्न विचारलास?"

"हो."

"उत्तर काय आलं?"

"नाही म्हणाले. सगळेच."

"मग नाहीच असणार. मारेन, म्हातारी माणसं बर्फात धडपडतात. माझी आई रोज धडपडते, ती कुठल्या चाचणीत नाही. तू शोधायला निघालीस की सापडणारच काहीतरी. आणि मध्येच यंत्र लावायचं तर समितीपुढे जावं लागेल, चाचणी थांबेल, मे महिना हातचा जाईल. तुझाच." ते जरा थांबले, मग समजुतीने म्हणाले, "तुझा या लोकांवर जीव आहे. म्हणून तुला भलतंसलतं दिसतंय. सगळ्याच चांगल्या डॉक्टरांचं पहिल्या वर्षी असं होतं."

चांगल्या डॉक्टरांचं, असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार? मारेन गप्प बसली. गप्प बसल्यावर हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची तिला नंतर फार लाज वाटली. फेब्रुवारीत वादळ आलं, रस्ते बंद झाले. त्या महिन्याचे प्रश्न तिने फोनवरच विचारले. फोनवर कुणी कुणाला धडकत नाही. तिला बरं वाटलं.

मार्चमध्ये ऊन पडलं. बर्फाच्या भिंती खचल्या आणि रस्ते काळे, ओले दिसायला लागले. मारेन दुपारी नॉर्डालला पोहोचली, नेहमीसारखी तळघरात उतरली, आणि एकेकाला बसवून रक्त काढलं. लायल घाईत होता. त्याने कॉफी उभ्यानेच प्यायली.

"दिसण्यात काही फरक जाणवला का?"

"नाही, नाही. मस्त चाललंय," म्हणत त्याने वडी तोंडात टाकली, टोपी चढवली आणि निघून गेला.

रक्ताच्या नळ्यांची पेटी गाडीत ठेवायला मारेन वर आली. हिवाळाभर ही मोकळी जागा बर्फाने आणि तो वितळावा म्हणून टाकलेल्या मीठमातीने भरलेली असायची. गाड्या सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या दिसायच्या. आज कुणीतरी उन्हाचा मुहूर्त साधून पाण्याची नळी लावली होती आणि गाड्या धुऊन स्वच्छ झाल्या होत्या.

ऑर्व्हलच्या गाडीचा उजवा आरसा चिकटपट्टीने बांधलेला होता. दारावर लांबच लांब ओरखडा, त्यात टपालपेटीचा हिरवा रंग. व्हर्नाच्या गाडीचा उजवा दिवा फुटलेला. तिसरी गाडी धड. चौथीचा पत्रा आत गेलेला. पाचवी धड. सहावी धड. सातवीला आरसाच नाही. मारेन रांगेतून चालत गेली आणि परत आली. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो; त्याच्यापासून लांबची, उजवी बाजू, प्रत्येक वेळी तीच. आणि सगळ्या गाड्या नव्हेत. साधारण निम्म्या.

खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे जगात कुणालाही ठाऊक नसायला हवं होतं. ते इथे उन्हात, चर्चच्या दारात उभं होतं.

ती जिना उतरून परत तळघरात आली. ऑर्व्हल कोपऱ्यात एकटाच बसला होता, कप दोन्ही हातांनी धरून. मारेन त्याच्यासमोर बसली. कागद तिने उलटा ठेवला.

"ऑर्व्हल, दिसण्यात काही फरक जाणवला का?"

"विचारलंस की मघाशी. नाही."

"दिसण्यात काही फरक पडलाय का, ऑर्व्हल?"

त्याने वर पाहिलं. "अगं, नाही म्हटलं ना. कशाला उगाच."

कशाला उगाच. मारेनने श्वास घेतला. विनफिल्डांचा चेहरा, मे महिना, ते भरलेलं सभागृह, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. एकदा विचारलेला प्रश्न अभ्यासात धरला जातो. तिसऱ्यांदा विचारलेला अभ्यास बुडवतो.

"ऑर्व्हल," ती म्हणाली, "तुम्हाला कडेचं दिसत नाही का?"

तळघरात कपबश्यांचा आवाज चालू होता.  ऑर्व्हलने कप खाली ठेवला, ठेवण्याआधी बोटांनी टेबलाची कड चाचपून.

"धुराड्याच्या नळकांड्यातून बघावं तसं," तो हळूच म्हणाला. "समोरचं अगदी लख्ख. कडेला काहीच नाही. अंधार पण नाही. नुसतं काहीच नाही. नाताळच्या आधीपासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

"दर महिन्याला विचारलं!"

"एकदा," ऑर्व्हल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मारेनला सोसेना. "दर वेळी एकदाच. लव्हॉन म्हणाली, पोरीला ऐकायचं नाहीये बघ. तिचं वर्ष आहे. आपण कशाला त्यात खडा टाकायचा. मला पण तसंच वाटलं. तू टोलेफसनची पोर, तुला कळायचं असतं तर तू नीट विचारलं असतंस."

मारेनच्या डोळ्यांत पाणी आलं. रडायला मात्र वेळ नव्हता, कारण तिला दुसरंच काहीतरी आठवलं होतं.

"ऑर्व्हल, बस? तुम्ही अशा डोळ्यांनी पोरांना..."

"मी काय कसाई आहे का?" तो पहिल्यांदाच चिडला. "परवाच सोडली. पाठ धरलीय म्हणून सांगितलं. एक पोरगी उतरून कडेने चालली होती, मला दिसलीच नाही. ओरडली म्हणून वाचली. त्या रात्री मला घास गिळला नाही. दुसऱ्या दिवशी किल्ल्या देऊन टाकल्या."

"कुणाला?"

"लायलला. तो काय, रिकामाच असतो."

मारेनने मागे वळून पाहिलं. लायलची खुर्ची रिकामी होती. सातवी गाडी, जिला आरसाच नव्हता, ती लायलची होती; ती तिथेच ठेवून तो चालत गेला होता. आणि शाळा चर्चच्या पलीकडच्या चौकात, आणि सुटायची वेळ होऊन गेलेली.

"लायलला पण?" ऑर्व्हल म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "मला नाही बोलला तो. शपथ, एका शब्दाने नाही बोलला."

"तुम्ही त्याला बोललात?"

ती जिना कसा चढली ते तिचं तिला कळलं नाही. बाहेर उन्हाने डोळे दिपले. चौकाकडून पिवळी बस वळून येत होती, भरलेली, खिडक्यांत लोकरीच्या टोप्या. रस्त्याच्या उजव्या कडेने दोन मुली दप्तरं ओढत घरी चालल्या होत्या, वितळत्या बर्फाच्या ढिगाला वळसा घालायला रस्त्यावर उतरत. बस त्यांच्याच कडेला सरकत येत होती.

मारेन कडेला उभी राहून दोन्ही हात हलवायला लागली. "लायल! लायल, थांबा!" बाप्तिस्म्याच्या दिवसापासून तिला ओळखणारा माणूस तिच्याकडे न बघता शांतपणे शीळ घालत येत होता. त्याला ती नव्हतीच. कडेला असलेलं काहीच त्याला नव्हतं.

मग तिला उमगलं की त्याला दिसायचं तर एकच जागा आहे. तिने रस्त्याच्या मधोमध उडी घेतली आणि बसच्या नाकासमोर उभी राहिली.

ब्रेक किंचाळले. ओल्या रस्त्यावर बस घसरत आली, मागचा भाग कडेच्या ढिगात घुसला, आणि ती थांबली तेव्हा मारेनने हात पुढे केला असता तर गरम पत्र्याला लागला असता. मुली बाजूला दगड होऊन उभ्या होत्या. दार उघडलं.

"मारेन! मरायचंय का तुला?" लायल ओरडला. "कुठून उगवलीस?"

ती पायरीवर चढली. आत सगळी मुलं पुढच्या बाकांच्या पाठी घट्ट धरून बसली होती. 

"लायल, तुम्हाला कडेचं दिसतं का?"

"हे काय विचारणं झालं? दिसतं की."

"कडेचं दिसतं का, लायल?"

"अगं, थोडं म्हातारपण असतंच. तू नको काळजी करू. तुझं वर्ष नीट होऊ दे."

"माझं वर्ष गेलं चुलीत," मारेन म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तिसऱ्यांदा विचारतेय. मला खरंच ऐकायचंय. त्या दोन मुली तुम्हाला दिसल्या का?"

"कुठल्या मुली?" लायलने विचारलं.

मारेनने बोट दाखवलं. त्याने मान वळवली, आणखी वळवली, आणि मग त्या त्याला दिसल्या. चाकापासून हातभर अंतरावर. एकीच्या हातातलं दप्तर चाकाखाली गेलं होतं.  लायलने बस बंद केली, किल्ल्या काढल्या, आणि तिने न मागता तिच्या मुठीत दिल्या. मग दोन्ही हातांत तोंड घालून तो मुलांसमोर लहान पोरासारखा रडायला लागला.

मारेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एका मोठ्या मुलीला तिने सांगितलं, कुणाला खाली उतरू देऊ नकोस, मी फोन करते. तेवढ्यात तिला मागून आवाज आला. चर्चच्या मोकळ्या जागेत एक गाडी सुरू झाली. मग दुसरी. कॉफी संपली होती, वड्या संपल्या होत्या, आणि लोक एकमेकांना तिसऱ्यांदा निरोप देऊन घरी निघाले होते. व्हर्नाची फुटक्या दिव्याची गाडी मागे सरकत होती, आणि तिच्या मागे, उन्हात, लव्हॉन रिकामं ताट घेऊन कडेने चालली होती.

किल्ल्या मुठीत आवळून मारेन धावत सुटली.